इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं रंगवायचंय? मग फटकाऱ्यांपासून सुरुवात करू नका

प्रश्न थोडक्यात असा: मोने, रन्वार, पिसारो या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची चित्रं आवडतात. त्यांच्याबद्दल नीट समजून घ्यायचं आहे आणि तसं रंगवूनही बघायचं आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाल्या, त्यानंतर ब्रश सुटला. व्हिडिओ बघून छोटे छोटे फटकारे मारून पाहिले, पण चित्र एक तर मळकट होतं, नाहीतर नुसते ठिपके दिसतात. कुठून सुरुवात करावी आणि साहित्य काय घ्यावं?

अडचण तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही फटकाऱ्यापासून सुरुवात केलीत. मोनेच्या किंवा सिसलीच्या चित्रात तो तुटक फटकारा सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतो, म्हणून तीच शैली असं वाटतं. पण उघड्यावर उभं राहून अर्ध्या-पाऊण तासात पालटणारा प्रकाश रंगवायचा म्हटलं, की प्रत्येक पान आणि प्रत्येक लाट रेखाटून भरायला सवडच मिळत नाही. रंग कालवायचा, जागेवर ठेवायचा आणि पुढे जायचं. फटकारा त्या घाईतून येतो. घाई आणि निरीक्षण काढून घेतलं की उरतात ते ठिपके. म्हणून पहिले काही आठवडे फटकाऱ्याचा विचार पूर्ण सोडा. एखादा पट्टा शेजारच्या पट्ट्यापेक्षा किती गडद आहे आणि किती थंड किंवा उष्ण आहे, या दोनच गोष्टी बघायला शिका.

आधी बघणं

इतिहास लागतो तेवढाच सांगतो. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये चित्रकाराचं नशीब ठरायचं ते सालाँ नावाच्या सरकारी प्रदर्शनात. तिथल्या परीक्षकांना गुळगुळीत, ब्रशचा माग न दिसणारं, पौराणिक किंवा ऐतिहासिक विषयाचं काम रुचायचं. वारंवार नाकारल्या गेलेल्या मंडळींनी १५ एप्रिल १८७४ला छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत, बुलव्हार दे कापुसीनवर, स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेचं ल हाव्र बंदराचं चित्र ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ (१८७२) त्यात होतं. लुई लरॉय या टीकाकारानं त्या नावावरून खिल्ली उडवली आणि तेच नाव सगळ्यांना चिकटलं. मराठी पुस्तकांत या पंथाला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. १८८६पर्यंत अशी आठ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत चित्रं लावणारा एकटा पिसारो. एदुआर मानेला या गटाचा म्होरक्या मानलं जातं, पण त्यानं एकाही प्रदर्शनात भाग घेतला नाही.

हे सगळे एकाच पद्धतीनं रंगवत नव्हते, हे शिकणाऱ्यानं पक्कं लक्षात ठेवावं. देगाला उघड्यावर रंगवणं मुळीच पसंत नव्हतं. त्याचं काम स्टुडिओतलं, रेखाटनावर उभं राहिलेलं. बर्थ मोरिझोचा हात हलका आणि लांब. कायबोतचं ‘पॅरिसचा रस्ता, पावसाळी दिवस’ (१८७७) जवळजवळ गुळगुळीत आहे. जॉर्ज सरा या चित्रकाराचं शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी मांडण्याचं तंत्र १८८४ ते १८८६ या काळातलं. तो पुढचा, वेगळा प्रयोग आहे. यूट्यूबवर बहुतेक जण या सगळ्याची भेळ करून शिकवतात. तुम्ही एक गट निवडा: १८६९ ते १८७६चा मोने, १८७०च्या दशकातला पिसारो आणि सिसली. मोनेच्या उत्तरायुष्यातल्या मोठ्या कमळांच्या चित्रांपासून सुरुवात करू नका. ती सोपी वाटतात, पण त्यांच्यामागे अनेक वर्षांचं पुन्हा पुन्हा रंगवणं आहे.

भारतात मूळ चित्रं पाहायला मिळणं अवघडच. पण शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आपल्या संकेतस्थळांवर जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रती मोफत देतात, आणि त्या इतक्या मोठ्या करता येतात की ब्रशच्या केसांचे चरे दिसतात. परदेशात राहत असाल तर पॅरिसचं म्युझे दॉर्से आणि मार्मोताँ, लंडनची नॅशनल गॅलरी ही ठिकाणं एकेका चित्रासमोर वीस मिनिटं उभं राहण्यासाठीच गाठावीत. चार हात लांबून बघा, मग हातभर अंतरावरून, मग पुन्हा लांबून.

दोन चित्रं मात्र बारकाईनं पाहायलाच हवीत.

पहिलं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’. त्याचा फोटो फोनमध्ये घ्या आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो. सूर्य आणि त्याच्याभोवतीचं करडं-निळं आकाश यांचा टोन, म्हणजे गडद-फिकेपणा, जवळपास सारखाच आहे; फरक आहे तो फक्त रंगाचा. सूर्य लखलखतो म्हणून तुम्ही-आम्ही त्याला पांढऱ्याच्या जवळ नेला असता आणि तो आकाशातलं भोक दिसला असता. टोन बरोबर राखून रंग पालटायचा, हे या पद्धतीचं गमक इतकं उघडं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

दुसरं ‘मॅगपाय’, म्युझे दॉर्सेमधलं, १८६८-६९च्या हिवाळ्यातलं. बर्फ, काटक्यांचं कुंपण, डावीकडे फाटकावर बसलेला एक पक्षी. सूर्य कुंपणाच्या मागे, त्यामुळे सावल्या आपल्याकडे येतात. त्या सावल्या निळसर-जांभळट करड्या आहेत आणि उन्हातला बर्फ फिकट पिवळा, कुठे किंचित गुलाबी. कोरा पांढरा शोधत बसलात तर फारच थोड्या जागी सापडतो. सावली निळी का? तिथे थेट ऊन पोचत नाही, फक्त आकाशाचा उजेड पोचतो, आणि आकाश निळं आहे. शिवाय पिवळसर उन्हाशेजारी ठेवलेला करडा रंग डोळ्याला आणखी निळा भासतो. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात हे गोब्लँच्या रंगशाळेचा रसायनतज्ज्ञ शेव्रल यानं १८३९मध्ये पुस्तकरूपानं मांडलं होतं आणि चित्रकारांना ते ठाऊक होतं. १८६९च्या सालाँनं हे चित्र नाकारलं.

एक समज इथेच काढून टाकतो. ‘इम्प्रेशनिस्ट रंग पॅलेटवर मिसळत नसत, ते बघणाऱ्याच्या डोळ्यात मिसळतात’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. ते सराच्या सिद्धांताला लागू पडतं. मोने, पिसारो पॅलेटवर भरपूर रंग कालवत, त्यात पांढरा घालत, आणि त्यांचे फटकारे इतके मोठे आहेत की साध्या अंतरावरून डोळ्यात विरघळत नाहीत. ते वेगळेच दिसतात आणि म्हणून पृष्ठभाग थरथरता वाटतो.

साहित्य

ही चित्रं शक्य झाली ती बऱ्याच अंशी दुकानात मिळणाऱ्या मालामुळे. १८४१मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढायची कथलाची ट्यूब आणली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशव्यांत भरून मिळत. धातूच्या पट्टीत घट्ट बसवलेले चपटे ब्रश आले. कोबाल्ट ब्लू, कृत्रिम अल्ट्रामरीन, सेरुलियन (आकाशी निळा), विरिडियन (थंड हिरवा), कॅडमियम यलो हे सगळे एकोणिसाव्या शतकातले रंग.

तुम्हाला आठ ट्यूब पुरतात: टायटेनियम व्हाइट (ही मोठी घ्या, बाकीच्यांच्या तिप्पट लागते), लेमन यलो, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमसन (गडद, थंड लाल), अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, विरिडियन. काळा नको, बर्न्ट अंबर हा गडद तपकिरीही नको. रन्वारनं काळा भरपूर वापरला, मानेनं तर अप्रतिम वापरला. पण नवशिक्याच्या हातात काळा आला की सावली काढायची म्हणजे काळं मिसळायचं ही शाळेतली सवय परत येते. विरिडियन आणि अलिझरिन साधारण निम्मेनिम्म कालवले की जवळजवळ काळा मिळतो. विरिडियन वाढवला तर तो थंड होतो, अलिझरिन वाढवला तर उष्ण. मोनेच्या सेंट-लाझार स्टेशनच्या १८७७च्या चित्रातले काळपट भाग असेच, बहुतांशी चमकदार रंग मिसळून केलेले आहेत.

स्वस्त ट्यूबवर रंगाच्या नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असतं, म्हणजे आत मूळ रंगद्रव्याऐवजी बदली रंग आहे. कॅडमियम ह्यू असेल तर चालवून घ्या. विरिडियन ह्यूच्या बाबतीत मात्र जपून. त्यात बहुधा थॅलो ग्रीन असतो आणि तो इतका जहाल असतो की मोहरीएवढा घातला तरी सगळं मिश्रण हिरवं करून टाकतो.

त्या काळचा पांढरा प्रामुख्यानं शिशाचा होता. किंचित उबदार, कमी झाकणारा, आणि विषारी. तो शोधत बसू नका. टायटेनियम जास्त पांढरा आणि जास्त झाकणारा आहे, म्हणून तुमचे फिकट रंग खडूसारखे दिसण्याचा धोका मोठा. टायटेनियम-झिंक मिश्रणाची ट्यूब मिळाली तर तो धोका थोडा कमी होतो.

ब्रश हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे), चपटे किंवा फिल्बर्ट (चपटे, पण टोकाला गोलसर): ६, ८ आणि १० नंबर. एक उन्हाच्या रंगांसाठी, एक सावलीच्या, एक मधल्या करड्यांसाठी. बारीक गोल ब्रश घरीच ठेवा. पिशवीत असला की हात तिकडेच जातो. रंग कालवायला पॅलेट नाइफ, आणि जुन्या सुती कापडाचे भरपूर तुकडे.

कॅनव्हास बोर्ड ८ बाय १० इंच, त्याहून मोठा नको. बाजारातला पांढराशुभ्र बोर्ड उन्हात डोळ्यांवर येतो आणि त्यावर प्रत्येक रंग गडद वाटतो. अ‍ॅक्रिलिकचा फिकट करडा किंवा फिकट साय रंग पातळ करून आदल्या दिवशी फासून ठेवा. हे चित्रकारही बहुधा फिकट साय, फिकट करड्या किंवा पांढऱ्या अस्तराचे तयार कॅनव्हास वापरत आणि फटकाऱ्यांच्या फटीतून ते अस्तर मुद्दाम दिसू देत.

विद्यार्थी दर्जाचे तैलरंग फार तेलकट असतात. फटकारा मारला की कडा वितळून सपाट होतात. उपाय सोपा आहे. रंग पॅलेटवर घेण्याआधी तपकिरी कागदावर किंवा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पंधरा-वीस मिनिटं काढून ठेवा. कागद तेल शोषतो, रंग घट्ट होतो, ब्रशचा माग धरून ठेवतो आणि वाळल्यावर मंद दिसतो. देगा रंगातलं तेल असंच शोषून काढायचा. यात जवसाचं तेल वरून घालायची गरज पडत नाही. पहिल्या पातळ रेखाटनापुरतं टर्पेंटाइन किंवा कमी वासाचं मिनरल स्पिरिट पुरे. रॉकेलनं ब्रश धुणारे बरेच आहेत. ते रंगात मिसळू मात्र नका. आणि एक सुरक्षेची गोष्ट: जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा, मगच फेका.

तैलरंग नकोच असतील तर अ‍ॅक्रिलिकही चालतात, पण आपल्याकडच्या उन्हात ते पाच-दहा मिनिटांत सुकतात आणि ओल्यावर ओलं काम होत नाही. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवले तर तास-दोन तास टिकतात. ऑइल पेस्टल किंवा सॉफ्ट पेस्टलनं निरीक्षणाचा सराव उत्तम होतो; देगा आणि मेरी कॅसॅट यांचं फार मोठं काम पेस्टलमधलंच आहे. जलरंगाची सवय असेल तर एक गोष्ट उलटी करावी लागेल. तिथे उजेड म्हणजे राखलेला कागद. इथे उजेड शेवटी, वरून, घट्ट आणि अपारदर्शक लागतो. सावली खाली आणि पातळ.

घरात करायचे सराव

पहिला सराव प्रतीचा, पण पूर्ण चित्राचा नाही. मोनेनं १८६९मध्ये सेन नदीवरच्या ला ग्रनुइयेर या जलविहाराच्या जागी रन्वारच्या शेजारी बसून पाण्याची चित्रं केली. त्यातलं एक न्यूयॉर्कला आहे, एक लंडनला. पाण्याचा तळहाताएवढा तुकडा निवडून तो ८ बाय १० वर मोठा करा. चपट्या ब्रशचे आडवे फटकारे आहेत. ढोबळमानानं एक गडद, एक मध्यम, एक फिकट. जवळच्या लाटा रुंद, लांबच्या अरुंद. तिन्ही रंग आधी पॅलेटवर पुरेसे कालवा आणि मगच ब्रश लावा. इथे हाताला कळतं की पाणी लाटांच्या रेषांनी होत नाही, या तीन पट्ट्यांच्या रुंदीनं होतं. मोनेनं स्वतः बाझील या मित्राला लिहिलेल्या पत्रात या चित्रांची बोळवण वाईट कच्ची रेखाटनं म्हणून केली होती. मोठं चित्र त्यानंतर करायचं त्याच्या मनात होतं.

दुसरा सराव पांढऱ्यावर पांढऱ्याचा. खिडकीतून तिरकं ऊन येत असताना पांढरा कप पांढऱ्या कापडावर ठेवा. चारच पट्टे ठरवा: उन्हातलं कापड, सावलीतलं कापड, कपाची उन्हातली बाजू, कपाची सावलीतली बाजू. प्रत्येकाचा रंग पॅलेट नाइफवर कालवून नाइफ त्या वस्तूच्या दिशेनं समोर धरा, एक डोळा मिटा आणि जुळतो का बघा. नाइफ सावलीत धरायचा, नाहीतर तुलना फसते. अंदाजासाठी दोन मिश्रणं देतो. सावलीतल्या कापडाला सुपारीएवढा पांढरा, मसुराएवढा अल्ट्रामरीन, मोहरीएवढा अलिझरिन, आणि झगझगीत जांभळं वाटलं तर मोहरीहून कमी कॅडमियम यलो. उन्हातल्या कापडाला सुपारीएवढा पांढरा, मोहरीएवढा कॅडमियम यलो आणि व्हर्मिलियनचं फक्त टोक. पण जुळलं नाही तर खोटं मिश्रण ठरवा, डोळा नव्हे. कपाशेजारी पिवळी भिंत असेल तर सावलीची बाजू पिवळसर करडी दिसेल, निळी नाही. जांभळी सावली ही काही पाककृती नाही. सावलीवर कशाचा उजेड पडतोय ते प्रत्येक वेळी शोधावं लागतं.

हा सराव पाच-सहा वेळा केल्याशिवाय बाहेर पडू नका. कंटाळवाणा आहे, पण मळकटपणाची निम्मी तक्रार इथेच मिटते.

बाहेरचा एक तास

महाराष्ट्रात ऑक्टोबर ते मे या काळात रंगवण्याजोगा प्रकाश साधारण सकाळी ७ ते ८.३० आणि संध्याकाळी ४.३० ते ६. दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावल्या झाडाखाली गोळा होतात आणि आकार सपाट दिसतात. फ्रान्समध्ये सूर्य बराच खालून जातो, संधिप्रकाश लांबतो, हवा दमट आणि धूसर असते. मोनेच्या फिकट निळ्या-गुलाबी रंगसंगती तिथल्या आहेत. त्या उचलून मे महिन्यातल्या साताऱ्यावर घातल्या तर चित्र दिखाऊ होतं. कोकणात तांबड्या मातीचा परावर्तित उजेड सावलीत शिरतो. तिथे भिंतीच्या सावलीचा खालचा भाग उबदार, वरचा थंड असतो. आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरात कोटितीर्थाच्या परिसरात केलेली निसर्गचित्रं पाहायला मिळाली तर जरूर पाहा. प्रकाशाची ओढ तीच, रंग मात्र इथल्या हवेचे.

बोर्ड आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. बोर्डावर ऊन पडलं की तुम्ही नकळत सगळं गडद रंगवता आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री पांढरी, करडी किंवा काळी घ्या. निळ्या छत्रीखाली सगळे रंग खोटे दिसतात. लाल शर्टाचंही तेच, त्याचा उजेड ओल्या रंगावर पडतो.

पहिली पाच मिनिटं काही रंगवू नका. डोळे किलकिले करून समोरचं दृश्य पाच-सहा ढोबळ आकारांत पाडा. आकाश, लांबची झाडी, जवळचं झाड, भिंत, जमिनीवरची सावली, जमिनीवरचं ऊन. याहून जास्त आकार दिसत असतील तर विषय बदला. मग अल्ट्रामरीन आणि अलिझरिनच्या पातळ मिश्रणानं त्यांच्या सीमा आखा. यात दहा मिनिटांहून जास्त जाऊ देऊ नका. सावल्यांच्या कडा याच वेळी पक्क्या करा आणि पुढे सूर्य सरकला तरी हलवू नका. सरकत्या सावलीच्या मागे धावलेल्या चित्रात दोन-दोन सूर्य दिसतात.

पुढच्या पंधरा मिनिटांत सगळे सावलीचे आकार पातळ रंगानं भरा. त्यानंतर उन्हाचे आकार, जरा घट्ट रंगानं. या टप्प्यावर बोर्डावर पाच-सहा सपाट पट्टे असतील आणि चित्र बाळबोध दिसेल. दिसू द्या. फटकाऱ्यांची वेळ आत्ता आली. प्रत्येक पट्ट्यात त्याच टोनचा पण वेगळ्या रंगाचा दुसरा फटकारा ठेवा: हिरव्या सावलीत तेवढाच गडद जांभळा, पिवळ्या उन्हात तेवढाच फिकट गुलाबी. आकाराच्या वळणाप्रमाणे दिशा बदला. पाण्याला आडवा, गवताला उभा-तिरका, आकाशाला सैल. ब्रश आडवा धरून रंग ठेवायचा, घासायचा नाही. ठेवला की ब्रश उचला, फडक्याला पुसा, मगच पुढचा. एका जागी तीनदा ब्रश फिरला की खालचा थर वर येतो आणि चिखल होतो.

शेवटची दहा मिनिटं कडांना. सगळ्या कडा सारख्याच धारदार ठेवल्या तर चित्र कातरकाम दिसतं. नजर जिथे जावी अशी एखादीच जागा स्पष्ट ठेवा, बाकी कडा शेजारच्या रंगात थोड्या सैल होऊ द्या. तास संपला की थांबा. उरलेलं घरी पूर्ण करू म्हणून नेलेलं चित्र नवशिक्याच्या हातून हमखास बिघडतं. मोने स्वतः स्टुडिओत परत काम करायचा, हे खरं. १८९०-९१च्या गवताच्या गंजी आणि १८९२-९४मधली रुआँच्या चर्चची तीसहून अधिक चित्रं त्यानं बरीच पुढे रंगवत नेली. पण त्या मालिका करताना प्रकाश पालटला की तो कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. तुम्हीही तेच करा: एकाच जागेचे तीन छोटे बोर्ड, सकाळचा, संध्याकाळचा, ढगाळ हवेचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच बोर्डावर या. विषय शोधण्यात वेळ जात नाही आणि फक्त प्रकाशच बदललेला असल्यामुळे तो दिसू लागतो.

कुठे बिघडतं

ठिपके दिसतात याचं कारण जवळजवळ नेहमी टोन असतं. गडद निळ्याशेजारी फिकट पिवळा ठेवला तर डोळा दोन वेगळ्या वस्तू बघतो. अर्ध्या वाटेवर चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. एका पट्ट्यातले फटकारे करड्यात वेगळे उठून दिसत असतील तर टोन चुकला आहे. विरघळून एक पट्टा दिसत असेल तर रंग कितीही धीट घ्या.

मळकटपणाची कारणं तीन-चार आहेत: एका मिश्रणात पांढऱ्याखेरीज तीनहून जास्त रंग, घाण टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला ब्रश, कॅनव्हासवर घासणं, आणि सावलीच्या रंगात पडलेला पांढरा. गडद सावलीत पांढरा अगदी जपून. मळलेल्या जागेवर आणखी रंग चढवू नका. नाइफनं खरवडून अस्तरापर्यंत या आणि एकदाच ठेवा.

चित्र खडूसारखं फिकं वाटत असेल तर तुम्ही ऊन दाखवायला पांढरा वाढवताय. उन्हातला रंग थोडा खाली ठेवा आणि पिवळा-नारिंगी वाढवा. सावली जास्त थंड करा, ऊन आपोआप चढतं.

हिरवा हा पावसाळ्यातला खरा शत्रू. सह्याद्रीत जुलैमध्ये सगळंच हिरवं, आणि ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर पोस्टर होतो. बाहेर पडण्याआधी चार हिरवे कालवून घ्या: विरिडियन आणि कॅडमियम यलो, अल्ट्रामरीन आणि लेमन यलो, कोबाल्ट आणि कॅडमियम यलो, आणि चौथा विरिडियनमध्ये किंचित अलिझरिन व पांढरा घालून केलेला करडा-हिरवा, लांबच्या डोंगरासाठी. जास्त ओरडणाऱ्या हिरव्याला मोहरीएवढा व्हर्मिलियन गप्प करतो. बाकी पावसाळी हवा शिकायला फार चांगली. ढगाळ उजेड तासन् तास टिकतो, टोन जवळजवळ असतात, आणि उजेड थंड असल्यामुळे सावल्या तुलनेनं उबदार दिसतात. सिसलीची १८७६ची पोर्ट-मार्लीच्या पुराची चित्रं बघून मग ओसरीतून समोरचा रस्ता रंगवा.

फोनवरच्या फोटोवरून रंगवू नका, निदान पहिलं वर्षभर. कॅमेरा उन्हात सावल्या काळ्या करतो किंवा आकाश पांढरं करतो. सावलीतला जो निळा-जांभळा शोधायला तुम्ही निघालात तोच त्यात नसतो. क्लास लावायचा का, याचं उत्तरही यावरच अवलंबून. शिकवणारे आठवड्यातून एकदा बाहेर नेत असतील तर लावा. फोटोवरून मोनेची नक्कल करून घेत असतील तर ते पैसे रंगांवर घाला.

पातळ थराचं चित्र आठवड्याभरात हाताला कोरडं लागतं. जाड फटकारे असतील तर कित्येक आठवडे, दमट हवेत आणखी जास्त. भिंतीला चिकटवून किंवा कपाटात कोंडून ठेवू नका, पावसाळ्यात बोर्डाच्या पाठीवर बुरशी धरते. हवा खेळेल असं उभं ठेवा. वॉर्निश किमान सहा महिने नको, आणि खरं तर नकोच. मोने आणि पिसारो दोघांनाही वॉर्निशची चकाकी नको असे. काच न लावता साध्या पांढऱ्या पट्टीच्या चौकटीत बसवा. सोनेरी चौकटीऐवजी पांढरी पिसारो आणि देगानंही वापरली होती.